पहिलं गाजर

बाबा : जेवतो हो मी, डॉक्टर. ताट चाटूनपुसून साफ करतो. अंगाला लागत नाही, त्याला मी काय करू?

मुलगी : आई गेल्यापासून हे असंच चाललंय. आधी मला वाटलं, दुःखाने खंगताहेत. आता विजारसुद्धा कमरेवर ठरत नाही. शेजारीण तर तोंडावर म्हणाली, लेक बापाला उपाशी ठेवते.

बाबा : तिच्या तोंडाला कोण हात लावणार? उघडा नळ आहे तो.

डॉक्टर : कुणी उपाशी ठेवलेलं नाही, आजोबा. शौचाच्या तपासणीत सापडलंय. तुमच्या आतड्यात परजीवी आहेत, डोळ्यांना न दिसणारे. ते तिथे ठाण मांडून बसलेत, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही.

बाबा : म्हणजे जंत? पोरांना होतात ते? या वयात?

डॉक्टर : त्यांचेच भाऊबंद म्हणा. कच्चं काही खाता का, न धुता?

मुलगी : विचारता काय! उभा जन्म रोपवाटिकेत माळीकाम केलं. अजून घरामागे गाजराचा वाफा आहे. उपटलं, सदऱ्याला पुसलं, की तोंडात. मी बोलले तर म्हणतात, धुतल्यावर गोडी जाते.

बाबा : जातेच. आणि इतकी वर्षं खाल्लं, काय झालं? दगड पचवायचो मी.

डॉक्टर : तेव्हा पचवायचात. जठरातलं आम्ल म्हणजे दारावरचा राखणदार. असले पुष्कळ जीव तिथेच मरतात. वय झालं की कित्येकांचं आम्ल कमी होतं, राखणदार डुलक्या घ्यायला लागतो. आतडीही मंदावतात. आत शिरलेला मग सहजी हलत नाही. माती तीच आहे, आजोबा. पोट ते राहिलं नाही.

बाबा : पित्ताची गोळी घेतली, तर?

डॉक्टर : आम्ल कमी करणारी? वर्षानुवर्षं घेतली तर धोका आणखी वाढतो. तुम्ही घेता?

बाबा : मी नाही.

मुलगी : आई घ्यायची. उठल्या उठल्या, रोज. बाबा, औषध घेऊ आणि निघू चला.

बाबा : थांब जरा. वाफ्यातलं पहिलं गाजर तिचं असायचं, डॉक्टर. लग्नापासूनची रीत. मी सदऱ्याला पुसून द्यायचो, ती उभ्याउभ्या चावून खायची. दात गेले, तेव्हा किसून द्यायला लागलो. तेही न धुता.

मुलगी : बाबा.

बाबा : तीही अशीच वाळली गं. पोट ढवळायचं, पातळ व्हायचं. आपण म्हणालो, वय झालं. आलेगेले सगळे तेच म्हणाले.

डॉक्टर : त्यांची तपासणी केली होती?

मुलगी : तीच नको म्हणायची. पित्ताची ती गोळी सोडली, तर औषधाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. कडू काही जिभेवर ठरायचं नाही तिच्या. म्हणायची, आता या वयात माझे हाल नका करू. मग आम्हीही सोडून दिलं.

बाबा : तिलाही हेच होतं का, डॉक्टर?

डॉक्टर : आता नाही सांगता येणार. म्हातारपणी खंगायला छप्पन्न कारणं असतात.

बाबा : त्यातलं एक हे.

डॉक्टर : हो. त्यातलं एक हे.

मुलगी : असं नका बघू माझ्याकडे. गाजर तुम्ही दिलंत, तर पित्ताच्या गोळ्या मी आणून द्यायचे. संपायच्या आधी आणायचे, तिची गैरसोय नको म्हणून. बोल लावायचा तर दोघांनाही लावा.

बाबा : तुला कसला बोल लावू, बाळ? तू आईची काळजीच घेतलीस.

मुलगी : आणि तुम्ही?

(डॉक्टर गोळ्यांचं पाकीट पुढे ठेवतात. कुणी हात लावत नाही.)

डॉक्टर : आजोबा, पहिली इथेच घ्या. थोड्याच दिवसांचं औषध आहे, बहुतेकांना गुण येतो.

बाबा : वाफा मोडून टाकू का?

डॉक्टर : कशाला? धुवा, शिजवा, मग खा.

बाबा : शिजवलेलं तिला आवडायचं नाही.

मुलगी : बाबा, घ्या ना. माझ्यासाठी तरी.

बाबा : आण. पाणी दे.

डॉक्टर : पाणी नको. चघळायची आहे ती.

मुलगी : काय झालं? कडू आहे?

बाबा : नाही गं. गोड आहे. ही घेतली असती तिने.