फादरांचा झगा

दादा : ते काही नाही. दुकान बंद कर आणि उद्यापासून चर्चच्या शिवणघरात परत जा. फादरांशी मी बोलतो.

धाकटी : त्यांनीच पाठवलं ना तुला?

दादा : त्यांनी कशाला पाठवायला हवं? बेकरी चर्चची, माझी राहती खोली चर्चची, आणि माझी सख्खी बहीण चर्चच्याच समोर शिलाईचं दुकान थाटून बसलीय. उद्या मला भट्टीवरून काढलं तर? आत्तासुद्धा चर्चमध्ये मिस्सा चालू असताना आलोय, कुणी बघायला नको म्हणून.

धाकटी : आपली मूठभर घरं. पाव त्यांचा, कपडे त्यांचे, शवपेटीही त्यांच्याच सुतारखान्यातली. मेल्यावरसुद्धा दुसरीकडे चौकशी करायची सोय नाही.

दादा : थट्टा पुरे. तुझा नवरा गेला तेव्हा बाहेर कुणी आपल्या माणसाला दारात उभं करत नव्हतं. ह्याच चर्चने तुला मशीनवर बसवलं.

धाकटी : बसवलं. ते उपकार मी विसरले नाही. फक्त उठायची परवानगी नाही, हे तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

दादा : आता उठून काय मिळालं? फादर प्रवचनात लोभावर बोलले, तुझं नाव न घेता.

धाकटी : नाव कशाला हवं? अख्खं चर्च माझ्याकडे वळून बघत होतं. तेव्हापासून दुकानात चिटपाखरू नाही. मग परवा मागच्या दाराशी कोण आलं असेल? फादर. काखेत बोचकं.

दादा : इथे?

धाकटी : बिशप येणार म्हणून शिवणघरात नवा झगा शिवून घेतला. माझ्या जागी बसवलंय चर्चच्या सेक्रेटरीच्या मेहुणीला. झग्याचे दोन खांदे दोन वेगळ्या माणसांचे. म्हणाले, मुली, नीट करून दे, पण कुणाला कळू देऊ नकोस.

दादा : दिलास ना करून?

धाकटी : मी म्हटलं, गिऱ्हाईक पुढच्या दारानं येतं. रविवारी मिस्सा सुटली की या. तणतणत गेले.

दादा : संपलं. आता मलाही काढणार. बिशप कधी येतायत?

धाकटी : आज संध्याकाळी.

(समोर मिस्सा सुटल्याचा गलका. थोड्या वेळानं दारात फादर, हातात झगा.)

फादर : मुली, आहेस का? अरे, तूही इथेच?

दादा : मी... बटण लावून घ्यायला आलो होतो, फादर.

धाकटी : या, फादर. अंगात घाला आणि इथे उजेडात उभे राहा. अजून पुढे. हां, दाराशीच. आता हात वर.

फादर : इथून सगळ्यांना दिसतंय.

धाकटी : हलू नका, टाचणी लागेल.

फादर : चर्चचं काम आहे, मुली. तू सेवा समजूनच करशील ना?

धाकटी : शिवणघरात लोकांकडून घेता, तेवढंच घेईन. जास्त घेतलं तर लोभ होईल.

फादर : ठीक आहे. बाहेर ही गर्दी कसली?

दादा : बायका आहेत, फादर. तुम्ही निघालात की माप द्यायला आत येतील.