रजिस्टरमधला पाचवा रकाना

तुम्ही हसा खुशाल, पण परदेशात शिकून परतलेली मी सुट्ट्या केतकीच्या मॅचेस बघण्यात घालवते. ती व्यावसायिक टेनिस खेळते, पण छोट्या स्पर्धांमध्ये, आणि तिथे प्रेक्षक म्हणून बहुतेक वेळा मी एकटीच असते. सोलापूर झालं, पुणे झालं. मागच्या आठवड्यात ती आपल्या नाशकात खेळायला आली, तर क्लबच्या गेटवर वॉचमनकाकांनी मलाच अडवलं. त्यांच्या रजिस्टरमध्ये चारच रकाने होते: खेळाडू, कोच, पालक, सभासद.

"ताई, पालक लिवा आन् जा. कोण बघतंय?"

"मी तिची कोणी नाही, काका. मॅच बघायला आलेय."

"टीव्हीवर येती का ती?"

"नाही."

"मंग कशाला बघायची?"

"आत येऊन बघा, मग विचारा."

शेवटचा सेट सुरू झाला होता. मी पेन घेतलं, चौथ्या रकान्याशेजारी सरळ रेघ मारून पाचवा आखला, वर 'प्रेक्षक' लिहिलं, खाली सही केली आणि आत पळाले.

केतकी शेवटच्या पॉइंटपर्यंत झुंजली आणि हरली. मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. मागून आणखी टाळ्या आल्या म्हणून वळले, तर कुंपणाच्या जाळीपाशी काका!

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. "ही रेघ कोणी मारली? आणि हरलेल्या पोरीला टाळ्या कसल्या?"

मी तोंड उघडायच्या आत काकांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली सही ठोकली.

"साहेब, आता दोघं झालो. रेघ राहू द्या."