चंद्रीचा नंबर

—न्हाय गं पोरी, मी पेशंट न्हाय. मी आपली सोबत आलेय, नणंदेच्या. ती चहा प्यायला गेलीय, येईल. तू नीट बस, अशी अंग चोरून नको बसू, बायकांचाच दवाखाना हाय, इथं कोन कोनाला हसतंय? नणंदेचं ना, अंग बाहेर येतं. पिशवी गं, गर्भाची, खाली सरकलीय. धाकटा झाला आन महिना व्हायच्या आत बाई लावणीला चिखलात उभी, तवापासनं. कुनाला सांगितलं का तिनं? न्हाय. असलं सांगायची रीतच न्हाय आमच्यात. म्हशीचं मातर सांगतात— म्हशीचं अंग बाहेर आलं तर अर्धं गाव गोठ्यात, बाप्ये पुढं! म्हनून तर मी काय केलं— म्हंजे नणंदेनं— जाऊ दे, मीच केलं, तिच्यासाठी.

गुरांचा डॉक्टर आलेला, लस टोचायला. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या चंद्रीचं अंग बाहेर येतंय. चंद्री म्हंजे म्हस आमची. त्यानं मागनं बघितलं, पुढनं बघितलं— म्हस ठणठणीत. बोलला, कधी होतं असं? म्हटलं, खोकली का होतं. शिंकली का लघवी सुटते. हसली तरी सुटते. बोलला, म्हस हसते? म्हटलं, कधीमधी. आन भाताचा भारा डोक्यावर घेतला का कंबर मोडते नुसती. झालं! डॉक्टरनं सुई खाली ठेवली, म्हस सोडली आन माझ्याकडंच बघत राहिला. आमच्या मालकांना गरम पाणी आणायला पिटाळलं आन हळूच बोलला, मावशी, ही म्हस माणसांच्या डॉक्टरकडं न्या. याला रिंग बसवतात, व्यायाम असतात, लागलंच तर ऑपरेशन. बरं होतं हे, लाजायचं काय त्यात? आन निघताना मोठ्यानं, मालकांना ऐकू जावं म्हनून— हिला ओझं उचलू देऊ नका, आराम द्या!

मंग दिला ना आराम. म्हशीला! मालकांनी तिच्या मागच्या पायांखाली माती भरून उंच केलं, कोंडा-गूळ चालू केला, चरायला सोडायचं बंद. रोज पाठीवरनं हात फिरवतात, डोळं भरून येतात त्यांचं— बिचारी किती सोसत असंल, म्हनतात, बोलता येत न्हाय तिला. मी तिथंच उभी, शेणाची पाटी घेऊन. आन राणीसरकारला जागेवर पाणी कोन देतं? चारा कोन आनतं, डोक्यावर? दोन भारं जास्त वाढलं माझं! न्हाय, मानूस वाईट न्हाय गं. आज म्हटलं, चंद्रीच्या औषदाला भिवंडीला जाते, तर हातातलं काम टाकून अंबाडी नाक्यापर्यंत गाडीवर सोडलं. खड्डा आला का हळू घ्यायचे. म्हटले, डॉक्टरला सगळं नीट सांग, काय लपवू नको. मला रडूच आलं, खरं सांगते. मी कारण सांगितलं, धूळ गेली डोळ्यात.

काय? काय पुकारलं? चंद्री?

...ऐकलं गं मी. बहिरी न्हाय. तिकडं बाहेर केसपेपरच्या खिडकीवर नाव विचारलं, मागं चार बाप्ये उभे, आन तोंडातनं तेच निघालं. वय खरं सांगितलं— बेचाळीस. आता तू हसू नको. आन मला तर हसवूच नको, सांगितलं ना तुला काय होतं ते! नणंद? कसली नणंद, तिला तर ठाऊक बी न्हाय मी इथं हाय ते. परत पुकारलं बघ. अजून एकदा पुकारतील आन मंग पुढचा नंबर घेतील. घरी जाऊन म्हनता येईल, गर्दी लय व्हती. मागच्या खेपेला तेच म्हटलेलं.

—हाय हो सिस्टर, हाय! थांबा! न्हाय, सोबत कुनी न्हाय. मीच पेशंट. नाव तेवढं खोडा ते. गोदू लिहा. —आन तू गं, बघत काय बसलीस? सरक, उठू दे मला.