दाराबाहेरचा ओळखीचा आवाज

आधी चहा संपवा, नाहीतर हसताना ठसका लागेल. परवा रविवारी दुपारी मी आणि माझी सून सुषमा टीव्हीवर एक भयंकर मालिका बघत होतो. त्या भागात एक यंत्र घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं आणि दार उघडणारा संपतो. एक म्हातारी मुलाच्या आवाजाला फसली, तेव्हा मी पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात आमचीच बेल वाजली. "आई, दार उघड."

आवाज माझ्या अनिलचा, पण घोगरा, तुटका. आणि अनिल तर हुबळीला गेलेला, उद्या यायचा होता!

सुषमानं माझा हात घट्ट धरला. "आई, उघडू नका हो!" महादेवपुऱ्यातल्या कंपनीत संगणकांना बोलायला शिकवणारी ही पोरगी, पांढरीफटक पडली होती.

घाबरले मीही, खोटं कशाला बोलू? पण आमच्या चामराजपेटेत पूर्वी दारावर 'नाळे बा' लिहायचे, म्हणजे कानडीत 'उद्या ये'. ओळखीच्या आवाजात हाका मारणारी हडळ ते वाचून परत जायची. मी दाराला तोंड लावून ओरडले, "नाळे बा!"

सुषमा रडायलाच लागली.

मग आवाज आला, "उद्या? अगं, ताप भरलाय, घसा बसलाय म्हणून आज आलो, आणि तू मला परत पाठवतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मी झटकन कडी काढली. भूत असो की यंत्र, माझ्याशी असं बोलायची छाती एकट्या माझ्या पोराची!