दुपारच्या लाईटीची टिटवी

—नाही भाऊ, तिकडे तोंड करून नका बसू, ऊन सरळ डोळ्यात येतं. असे चुलीकडे वळा, गव्हाकडे पाठ राहू द्या. आत्ता तिकडे बघून करायचं काय — लाईट आल्याशिवाय ती येत नाही. ती म्हणजे कोण काय, तुमची टिटवी, जिच्यासाठी थेट साक्रीहून इतका धुरळा खात आलात. प्रेमराज सर ना तुम्ही? बघा, मी ओळखलं. आमच्या ह्यांच्या तोंडी उठताबसता तुमचं नाव असतं. प्रेमराज सर हो म्हटले म्हणजे पक्षी खरा, आणि ते नाही म्हटले म्हणजे डोळ्यासमोर बसलेलासुद्धा खोटा, असं म्हणतात हे. मी झुंबरबाई, ह्यांची मंडळी. ह्यांचं नाव मला घ्यायला लावू नका, पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर तुम्ही अभिमन आबा म्हणता ना, तेच ते. ते पहूरला गेलेत, मोटरीचं काहीतरी सामान आणायला. येतीलच. तुम्ही चहा घ्या तोवर.

तर लाईटीचं सांगत होते. ह्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारची आहे. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, पाणी पाटातून गव्हात शिरतं, जमिनीतले किडे वर येतात — आणि मग बघा जत्रा. आधी बगळे, मग शेपटी हलवणारे ते धोबी, आणि सगळ्यांच्या मागून, लग्नाला आलेल्या मोठ्या जावेसारखी सावकाश चालत, ही. जळगावची मंडळी आली होती रविवारी, पहाट फुटायच्या आत आली. हिरवे कपडे, हिरव्या टोप्या, कानात कुजबूज, बांधावर पोटावर पडून राहिले बिचारे थंडीत. मी म्हटलं, अहो दुपारी या, लाईट दुपारची आहे. तर त्यातला एक म्हणाला, काकू, पक्ष्याला लाईटीचं काय कळतं. ऊन तापलं तशी उठून गेले, आणि संध्याकाळी ग्रुपवर आलं — टिटवीनं शेंडी कधीपासून ठेवली म्हणून. आणि खाली हसून रडणारे ते पिवळे चेहरे, इतके, इतके, की हे बोटानं वर सरकवत बसले होते आणि ते संपतच नव्हते.

हसू नका तुम्ही. म्हणजे हसा, मलाही हसू येतं, मी तर त्या दिवसापासून एकटीच हसते आहे, गाईचं दूध काढताना हसते, भाकरी थापताना हसते. मला काय झालंय विचारा. अहो, दिसलीच इतकी देखणी. आपली रोजची टिटवी काय, लाल चोच, पिवळे पाय, आणि आरडाओरडा करून गाव डोक्यावर घेते. लोक तिचा आवाज ऐकून थू करतात. पण ही — पोट पांढरंशुभ्र, गळ्याशी काळा पट्टा, आणि पाठ तर, पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर कसं हिरवं-जांभळं चमकतं, तशी. डोक्यावर ही एवढी बारीक शेंडी, मागे वर वळलेली. वारा आला की शेंडी हलते. आणि ओरडली काय, मांजराच्या पिल्लासारखी. मी हातातलं फावडं तसंच धरून उभी, पाणी बांध फोडून हरभऱ्यात गेलं तरी मला शुद्ध नाही. घरी धावत गेले, ह्यांचं ते पक्ष्यांचं पुस्तक काढायला लावलं, पानं उलटत गेलो, आणि मी बोट ठेवलं — ही. हे म्हणाले, ही तर आपल्याकडे सहसा येतच नाही. मग पुस्तक डोक्यावर धरून अंगणात नाचले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, ह्या वयात. आणि लगेच ग्रुपवर लिहिलं की मी आज माझ्या डोळ्यांनी—

घ्या ना, साखर कमी झाली का चहात? गूळ देऊ?

नाही, तसं नाही भाऊ. ह्यांनीही पाहिली. म्हणजे पाहिलीच असेल, लांबून. तुम्ही असे बघू नका माझ्याकडे, तुमच्यासारखे शिकलेले लोक असे टक लावून बघायला लागले की मला खोटं बोलता येत नाही. मीच हाक मारते ना त्यांना, रोज. ती आली की मी हात करते, आणि मी काय सांगते — हळू या, वाकून या. तर हे काय करतात? पळत येतात. कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेलं ह्यांचं, भोंगा झाला की पळायचं, ती सवय पायात मुरलीये. पळत येतात, धोतराचा सोगा धरून, आणि वर मोठ्यानं विचारतात, कुठं शे, कुठं शे. भुर्र. रोज भुर्र. एकदा तर इतके जवळ आले, इतके जवळ, आणि आनंदानं शिंकले.

आता बोललेच आहे तर ऐका. ह्यांनी ती अजून पाहिलेलीच नाही. मी पाहिली. पण बायकोनं पाहिलं, असं लिहिलं असतं तर तुमच्या ग्रुपनं मानलं असतं का? मीच म्हटलं, तुमचं नाव टाका, तुमचं माझं काय वेगळं आहे. मला काय ठाऊक की साक्रीहून सर तपासायला येतील.

ती गाडी? निंबाखालची? ती... शेजारच्यांची असेल. नाही हो, कुठले शेजारी. ह्यांचीच आहे. पहूरला नाही गेलेले. तुमची गाडी वळणावर दिसली आणि हे केळीच्या बागेत शिरले, तिथंच बसलेत. म्हणाले, सरांसमोर खोटं बोलवणार नाही आणि खरं सांगवणार नाही, तू बघ काय ते. काल जेवताना घास हातात धरून बसले होते. म्हणाले, झुंबर, बठ्ठा गाव हसस माले, सगळा गाव. उद्या सर नाही म्हटले तर ही दुर्बीण रूपाला परत पाठवून देतो. रूपा आमची मुलगी, नाशिकला असते, तिनं दिली होती ती.

भाऊ, ती दुर्बीण परत जायला नको. तुम्हाला कसं सांगू. जिनिंग बंद पडली तेव्हा हे घरात भिंतीकडे तोंड करून बसायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. दुर्बीण आली आणि बोलायला लागले. झुंबर, हे बघ, झुंबर, ते बघ. अहो, लग्न झाल्यापासून माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते. ह्या वयात मला हाताला धरून बांधावर घेऊन जातात, गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसतात, हसू द्या. मला त्या टिटवीचं नाव नको नि ग्रुप नको. ह्यांना ती एकदा दिसू द्या, एवढंच. एकदा नीट दिसली की तुमच्यासमोर ताठ उभे राहून बोलतील, मग तुम्ही काय विचारायचं ते विचारा.

ऐका — खट्‌ झालं, ऐकलंत? आली लाईट. मोटर चालू झाली. आता पाणी पाटाला लागेल. बसा, बसा, उठायचं नाही, वेळ लागतो. हे आले बगळे, सावली पडली बघा अंगावरून. धोबी येतील आता. तर मी काय सांगत होते, ह्यांना ना लहानपणापासून—

भाऊ.

वळू नका. नाही, काही नाही तिकडे. म्हणजे आहे. तुमच्या पाठीमागे, पाटाच्या अगदी कडेला, शेंडी हलतेय. कॅमेऱ्याला हात लावू नका, हात जोडते. तुम्ही देश फिरलात, पुष्कळ पाहिल्या असतील, आणखी पाहाल. आधी ह्यांना पाहू द्या. मग वळा, फोटो काढा, माझं नाव टाका की ह्यांचं टाका, की दोघं खोटारडे म्हणून लिहा, तुमची मर्जी. मी केळीतून त्यांना घेऊन येते, हात घट्ट धरून आणते, पळू देत नाही. तुम्ही हलू नका, शिंकू नका.

चहा प्या. कपातच बघा.