अकोल्याची गाडी

गर्दीमुळे विमलबाईंची अकोल्याची गाडी हुकली. मंगरूळपीरच्या स्टँडवर त्यांच्या शेजारी बसलेला जगदेव मात्र उठलाच नव्हता. त्याची माय भागिरथा सारखी उठबस करत होती.

"काहून चढला नाही रे जगदेव?"

"गर्दी होती माय."

"गर्दीचं सांगू नोको. कालपासून जेवला नाही तू. बोटीवर काही झालं का?"

"आमच्यातला एक गेला."

"गेला म्हन्जे?"

"समुद्रात तेल काढतेत, तिथं लोखंडाचं मोठं मचाण हाय. आमची सरकारी बोट त्याले सामान पोचवते. लाटेनं बोट उचलली, अन् तो बोट न् मचाणाच्या मधात सापडला."

"त्याचं काम आता कोन करन?"

"मलेच सांगतलं हाय."

"मंग जाऊच नोको. बाहेरदेशची जहाजं आनतीन तेल."

"ते लय महाग पडते माय. म्हनून त आपलं काढून राह्यले. तिथल्या मानसायले पानीसुदा आमीच नेतो."

"प्याचं पानी? समुद्रात राहून?"

"समुद्राचं खारं असते."

"मंग तू नाही गेला त ते तहानलेले राहतीन," भागिरथा म्हणाली. पुढची गाडी लागली तशी तिनं त्याची पेटी उचलली.

"ऊठ," म्हणत ती गाडीची पायरी चढली.

"अन् तू कायले चढून राह्यली?"

"अकोल्यापर्यंत येतो. तुले आगगाडीत बसवतो, मंग येतो वापस. तुले एकट्याले नाही धाडत आज."

विमलबाईंनी थैली मांडीवर घेतली आणि दोघांना जागा करून दिली.