भाऊजींच्या पोटावरची तीट

अगं, तीट लावल्याशिवाय मी बाळाला अंगणातसुद्धा नेत नाही. मग धाकटे भाऊजी नगरला शरीरसौष्ठव स्पर्धेत नुसत्या चड्डीवर उभे राहणार म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहील का? बाळाला कडेवर घेऊन मी त्यांना स्टेजमागंच गाठलं.

"भाऊजी, थांबा, पोटाला तीट लावते."

"वहिनी, मी काय तान्हा हाय व्हय?"

"तान्ह्याच्या अंगावर निदान झबलं तरी असतं!"

मग पोट पुढं करून उभे राहिले. मी काजळाचे चांगले ठसठशीत चार ठिपके लावले.

स्टेजवर दिव्यांचा उकाडा, अंगाला चोपडलेलं तेल. काजळ वितळलं आणि पोटाच्या घडीघडीत उतरलं. पंच खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "वा! रेघा बघा कशा उठल्यात!"

पहिला नंबर भाऊजींचाच! ढाल द्यायला आलेल्या पंचांनी कौतुकानं त्यांच्या पोटावर हात फिरवला. हात काळाकुट्ट आणि रेघा गायब!

"हे काय?"

भाऊजींनी माझ्याकडं बोट केलं, "वहिनीला इचारा."

सगळा मांडव माझ्याकडं वळला. मी म्हणाले, "म्हणून तर तीट लावली होती! बघा, शेवटी तुमचीच लागली नजर."